डिझेल मशीनमध्ये हीटिंग ऑइल ओतण्याआधी

हीटिंग ऑइल म्हणजे इमारती गरम ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये किंवा भट्टीत जाळायचं तेल. थंड प्रदेशांत ते घराघरांतल्या टाक्यांमध्ये साठवलेलं असतं, आणि त्यावर रस्त्यावरच्या इंधनाचा कर नसल्यामुळे डिझेलपेक्षा स्वस्त पडतं. जवळच ट्रॅक्टर, जनरेटर किंवा एक्स्कॅव्हेटर उभा असतो, डिझेल संपलेलं असतं, आणि कोणीतरी सांगतं, "दोन्ही एकच आहे, रंग तेवढा वेगळा. बिनधास्त टाक." हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो गळी उतरतो.

खरा भाग असा की, डिझेल आणि हलकं हीटिंग ऑइल कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात साधारण एकाच तापमानाच्या टप्प्यात निघतात. ओतल्यावर मशीन बहुतेक वेळा सुरूही होतं. पण बॉयलर-भट्टीतल्या बर्नरला तेलाकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी असते, ते नीट जळावं. डिझेल इंजिनात तेच तेल पंपाचं वंगण असतं, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरला थंड ठेवतं आणि ठरलेल्या क्षणी ठिणगीशिवाय पेटतं. या तिन्ही कामांची हमी हीटिंग ऑइलचं मानक सहसा देत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकातून निघाल्या आहेत.

पायरी १: टाकीत नेमकं काय आहे ते शोधा

हीटिंग ऑइल या एका नावाखाली बरीच वेगवेगळी तेलं विकली जातात. अमेरिकेत घरगुती वापराचं तेल बहुधा 'नंबर २ फ्युएल ऑइल' असतं. त्याचं मानक एएसटीएम डी३९६, तर डिझेलचं डी९७५. जर्मनीत हलक्या हीटिंग ऑइलसाठी डीआयएन ५१६०३-१ हे मानक आहे, आणि युरोपातलं डिझेल ईएन ५९० नुसार विकलं जातं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये घराबाहेरच्या टाकीत बहुतेक ठिकाणी केरोसीन असतं, म्हणजे रॉकेलच. नंबर ४ पासून पुढची तेलं जड होत जातात. नंबर ६ तर तापवल्याशिवाय धड वाहतही नाही. ते कुठल्याही ट्रॅक्टरच्या किंवा जनरेटरच्या टाकीच्या आसपासही नेऊ नका.

कारखान्यांत ऐकू येणारी फर्नेस ऑइल आणि एलडीओ (लाइट डिझेल ऑइल) ही नावंही याच घोळात येतात. फर्नेस ऑइल हे शुद्धीकरणात तळाशी उरलेलं जड तेल असतं. एलडीओच्या नावात 'डिझेल' असलं तरी ते भट्ट्यांसाठी आणि मंद गतीच्या इंजिनांसाठी आहे. वेगाने फिरणाऱ्या इंजिनात ते चालत नाही.

रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. अमेरिकेत शेतात आणि बांधकामावर वापरायचं करमुक्त डिझेल लाल असतं आणि हीटिंग ऑइलही लाल असतं. पहिलं डी९७५ पाळतं, दुसऱ्यावर तसं बंधन नाही, आणि दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. रंग कराची बाब सांगतो, इंधनाच्या दर्जाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून तेल देणाऱ्याकडून मानकाचा क्रमांक असलेली पावती मागा. क्रमांक सांगता येत नसेल तर ते तेल मशीनसाठी नाही असंच धरून चाला.

पायरी २: तुमच्या मशीनचा पंप कोणत्या प्रकारचा आहे ते बघा

धोका किती मोठा, हे सगळ्यात जास्त पंपावर ठरतं. मशीनचं मॅन्युअल उघडा, किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारा.

जुन्या ट्रॅक्टरवर आणि मोठ्या जनरेटरवर बऱ्याचदा इनलाइन पंप असतो. एका ओळीत प्लंजर, म्हणजे इंधन ढकलणारे दट्टे, आणि खालच्या कॅमशाफ्टला बहुधा इंजिन ऑइलचं वंगण. प्लंजर मात्र इथेही डिझेलवरच सरकतात. हा पंप सोशिक असतो. "आमचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं हेच पितोय" असं सांगणाऱ्यांच्या मशीनवर बहुतेक वेळा हाच पंप असतो. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो तुमच्या मशीनला लागू होईलच असं नाही.

रोटरी किंवा डिस्ट्रिब्युटर पंपात आतला प्रत्येक फिरता भाग इंधनातच बुडालेला असतो. व्हेन, रोलर, कॅम प्लेट या सगळ्यांना दुसरं वंगण मिळतच नाही. पातळ किंवा कोरडं, म्हणजे वंगण कमी असलेलं, तेल आलं की धातूवर धातू घासायला लागतो.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) इंधन देणारी रचना, ही सगळ्यात नाजूक जात. इंधनाचा दाब १,६०० ते २,५०० बारपर्यंत जातो आणि पंपातल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. अशा पंपाचा चुरा निघाला की तो रेलमधून थेट प्रत्येक इंजेक्टरमध्ये जातो आणि खर्च एका पंपावर थांबत नाही. त्यातच एक्झॉस्टला धूर साफ करणारा पार्टिक्युलेट फिल्टर, कॅटॅलिस्ट किंवा युरियाची टाकी असेल, तर माझं उत्तर ठाम आहे: या मशीनमध्ये हीटिंग ऑइल अजिबात नाही, अगदी अडचणीतही नाही.

पायरी ३: कागदावरचे आकडे वाचायला शिका

गंधकापासून सुरुवात करा. युरोपात २००९ पासून डिझेलमध्ये १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १० भाग) जास्त गंधक चालत नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलसाठी २००६ पासून १५ पीपीएमची मर्यादा लागू व्हायला लागली. भारतात बीएस-६ या वाहन प्रदूषण निकषांसोबत एप्रिल २०२० पासून १० पीपीएम आलं. याउलट युरोपीय संघात भट्टीसाठीच्या गॅस ऑइलला २००८ पासून ०.१ टक्के, म्हणजे १,००० पीपीएम गंधक चालतं. डिझेलच्या शंभरपट. अमेरिकी मानकात तर ५,००० पीपीएमचीही श्रेणी आहे.

हे गंधक जळून त्याचे ऑक्साइड होतात, आणि ते ज्वलनातल्याच पाण्याच्या वाफेशी मिळून गंधकाम्ल तयार होतं. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर बरंचसं धुरावाटे निघून जातं. पण मशीन थंड असताना, आयडलिंगवर किंवा कमी लोडवर चालत असेल तर आम्लाचे थेंब सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर (लायनरवर) बसतात. नावापुरत्या लोडवर तासन्‌तास चालणाऱ्या जनरेटरला म्हणूनच हे जास्त बाधतं. इंजिन ऑइलमध्ये आम्ल मारणारी रसायनं असतात, ती लवकर संपतात आणि ऑइल मुदतीआधीच निकामी होतं. त्यात एक अडचण अशी की, फिल्टर असलेल्या नव्या इंजिनांसाठीच्या कमी राखेच्या ऑइलमध्ये ही आम्ल मारण्याची ताकद मुळातच कमी ठेवलेली असते. कॅटॅलिस्टवर गंधक बसलं की तो धुराची सफाई करेनासा होतो, आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो.

आता एक बाब जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या बहुतेक राज्यांनी हीटिंग ऑइललाही १५ पीपीएमची मर्यादा घातली, न्यूयॉर्कने २०१२ पासून आणि बाकीच्यांनी पुढच्या काही वर्षांत. मग लोक म्हणायला लागले की आता तर फरकच उरला नाही. गंधकाचा फरक मिटला, हे खरं. वंगणाचा प्रश्न मात्र इथेच सुरू होतो.

गंधक काढण्यासाठी तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. तिच्यात गंधकासोबत तेलातले ते घटकही जातात जे धातूवर पातळ थर धरून झीज थांबवतात. स्वीडनने १९९१ मध्ये करसवलत देऊन अत्यल्प गंधकाचं डिझेल आणलं, तेव्हा रोटरी पंप अकाली झिजायला लागले आणि हा प्रश्न सगळ्या जगासमोर आला. तेव्हापासून डिझेलमध्ये वंगणक्षमता वाढवणारं रसायन मिसळतात. ते बऱ्याचदा डेपोवर टँकर भरतानाच घातलं जातं. एकाच मोठ्या टाकीतून दोन टँकर भरले, एक डिझेल म्हणून आणि एक हीटिंग ऑइल म्हणून, तरी पहिल्यात हे रसायन असेल आणि दुसऱ्यात नसेल, असं होऊ शकतं. बर्नरला त्याची तितकी गरज नसते, मग कोण घालणार?

वंगणक्षमता मोजायची चाचणी बघण्यासारखी आहे. पोलादाची लहानशी गोळी ६० अंश तापमानाच्या इंधनात बुडवून पोलादी चकतीवर ७५ मिनिटं पुढे-मागे घासतात, सेकंदाला ५० वेळा. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवर पडलेला व्रण मोजतात. युरोपच्या डिझेलला ४६० मायक्रॉनपर्यंतचा व्रण चालतो, अमेरिकेच्या डिझेलला ५२०. हीटिंग ऑइलसाठी ही चाचणी सगळीकडे झालेली असेलच असं नाही. याचा अर्थ तुमच्या टाकीतलं तेल नापास आहे असा होत नाही. ते पास आहे की नापास, हे कदाचित कोणी तपासलेलंच नसेल.

सीटेन आकड्याचंही तेच. इंधन दाबाखाली किती चटकन पेटतं, ते हा आकडा सांगतो. युरोपात डिझेलला किमान ५१ लागतो, अमेरिकेत ४०. हीटिंग ऑइलला अशी अट नाही. आकडा खाली असेल तर इंजिन थंडीत लवकर उचलत नाही, सुरू झाल्यावर पांढरा धूर टाकतं आणि ठोक्याचा आवाज करतं.

चिकटपणा म्हणजे तेल किती दाट, ते. केरोसीन डिझेलपेक्षा पातळ असतं, त्यामुळे ते प्लंजरच्या फटीतून मागे गळतं, दाब कमी पडतो आणि तापलेलं मशीन बंद करून पुन्हा सुरू करताना त्रास देतं. इंजिनची ताकदही कमी पडते, कारण एका लिटरमागे केरोसीनमध्ये ऊर्जा थोडी कमी असते. दाट तेलाचं उलटं: फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे राहतात, अर्धवट जळतात आणि इंजेक्टरच्या नोझलच्या टोकावर कार्बन धरतो.

थंडीत मेण धरण्याचा धोका वेगळाच. हिवाळ्याचं डिझेल वेगळं बनवतात, जर्मनीत ते उणे २० अंशांपर्यंत फिल्टरमधून जाईल असं असतं. हीटिंग ऑइलची टाकी तळघरात किंवा जमिनीखाली असेल असं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे तेच तेल उघड्यावरच्या मशीनमध्ये गोठून फिल्टर बंद करू शकतं.

ज्वलनांकही तपासा, विशेषतः बोटीवर. तेलाची वाफ ज्या तापमानाला भडकू शकते तो हा आकडा. अमेरिकेच्या नंबर २ फ्युएल ऑइलला ३८ अंशही चालतो, तिथल्या नंबर २ डिझेलला ५२ लागतो, आणि आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत जहाजाच्या इंधनाला साधारणपणे किमान ६० अंश लागतो.

पायरी ४: टाकीच्या तळाशी काय आहे ते डोळ्यांनी बघा

तेल कागदावर चांगलं असलं तरी हीटिंग ऑइलची टाकी बऱ्याचदा वर्षानुवर्षं उघडलेलीच नसते. वरच्या मोकळ्या जागेत हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं, आणि तेल-पाण्याच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. बर्नरचं तेल तळापासून थोडं वरून घेतलेलं असतं, म्हणून त्याला हे जाणवत नाही. तुम्ही मात्र नळी तळापर्यंत सोडून तेल ओढता आणि सगळा गाळ उचलून घेता.

ओढायचीच वेळ आली तर आधी तळातलं थोडं तेल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी उजेडासमोर धरा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. मधोमध तपकिरी, शेवाळासारखं जाळं तरंगत असेल, बरणी हलवल्यावर त्याचे तुकडे लोंबकळत फिरत असतील, तर ती जैविक वाढ आहे. तेल दुधाळ दिसलं तर पाणी त्यात मिसळून गेलं आहे. यातलं काहीही दिसलं तर पुढचा विचारच करू नका. बरणी साफ दिसली म्हणजे तेल चालेल असं मात्र नाही. गंधक, सीटेन, वंगण यांपैकी काहीच बरणीत दिसत नाही.

पायरी ५: कायदा

रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात हे तेल घालणं बहुतेक देशांत करचुकवेगिरी ठरतं. अमेरिकेत त्याला गॅलनमागे १० डॉलर किंवा १,००० डॉलर, यातली मोठी रक्कम दंड म्हणून लागते, आणि पुन्हा पकडलं की ती वाढते. युरोपीय संघात कित्येक वर्षं सॉल्व्हंट यलो १२४ हे खूणद्रव्य तेलात मिसळत आले, २०२४ पासून त्याच्या जागी नवं खूणद्रव्य आलं आहे. टाकी एकदा रिकामी केली तरी फिल्टरमध्ये आणि टाकीच्या कडांना त्याचा अंश उरतो आणि चाचणीत सापडतो.

आम्ल किंवा शोषक माती वापरून रंग काढलेलं तेलही बाजारात येतं. कायद्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यात मागे राहिलेले अंश पंप आणि सील खातात. असं तेल स्वस्तात मिळतंय म्हणून कधीही घेऊ नका.

शेतात किंवा साइटवर उभ्या मशीनसाठी नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते स्थानिक कर कार्यालयातच विचारा. मशीन बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी मात्र कुठेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या इंधनावरच टिकते. पंप उघडल्यावर चुकीचं इंधन सापडलं तर दावा तिथेच संपतो.

पायरी ६: चुकून भरलं गेलंच, तर

इंजिन सुरू केलं नसेल तर तुम्ही सुदैवी आहात. सेल्फ मारू नका. चावी नुसती 'ऑन'लाही फिरवू नका, कारण कित्येक मशीनमध्ये चावी फिरताच टाकीतला इलेक्ट्रिक पंप तेल पुढे ढकलतो. बॅटरीची तार काढा, 'चालू करू नका' अशी पाटी लावा आणि टाकी पूर्ण रिकामी करून घ्या. कॉमन रेल मशीन असेल तर लाइन मिस्त्रीकडूनच धुऊन घ्या. नवा फिल्टर, चांगलं डिझेल, मग एअर काढून चालू करा.

इंजिन चाललं असेल तर ताबडतोब बंद करा. आवाज नेहमीसारखा आहे म्हणून चालवत राहू नका, झीज आवाज न करताही होते. वॉटर सेपरेटरमधलं (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातलं) तेल पांढऱ्या कपड्यावर ओता आणि तिरप्या उजेडात बघा. बारीक चंदेरी चमक दिसली, तर पंपाचा धातू सुटायला लागला आहे. फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून तेच बघा, चुंबक फिरवा. चमक सापडली की काम मिस्त्रीचं. अशा वेळी नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी, सगळं तपासलं नाही तर उरलेला चुरा नवा पंपही खातो.

जुनं इनलाइन पंपाचं मशीन असेल, तेल हलक्या प्रकारचं आणि थोडंच मिसळलं असेल, तर टाकी चांगल्या डिझेलने पूर्ण भरून, फिल्टर बदलून आणि इंजिन ऑइल मुदतीआधी बदलून बहुधा निभावतं. मशीन नवीन आहे की जुनं याबद्दल शंका असेल तर नवीनच समजा.

काढलेलं तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नका. पेट्रोल मिसळलेलं नसेल तर ते बर्नरमध्ये जाळता येतं, पण आधी बर्नर तंत्रज्ञाला दाखवा. अर्धा लिटर नमुना तारीख लिहून सीलबंद ठेवा. पुढे पुरवठादाराशी किंवा विम्याशी वाद झाला तर तोच कामी येतो.

पायरी ७: बाटलीतल्या औषधांवर विसंबू नका

सीटेन वाढवणारी आणि वंगण देणारी रसायनं मिळतात, आणि ती खरोखर काम करतात. पण मात्रा ठरवायला मुळात तेलात काय आहे ते माहीत लागतं, आणि ते माहीत नाही हीच तर सगळी अडचण. गंधक कमी करणारी बाटली तर मिळतच नाही. टू-स्ट्रोक ऑइल किंवा जुनं इंजिन ऑइल मिसळायचा उपाय बरेच जण सांगतात. त्याची राख पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. जुन्या ऑइलमधले धातूचे कण वर आणखी पंप खातात.

पायरी ८: गोंधळ होणारच नाही अशी मांडणी करा

एकाच आवारात भट्टी आणि जनरेटर दोन्ही असतील तर दोन टाक्या ठेवा. प्रत्येक टाकीच्या झाकणावर, नळावर आणि कॅनवर ठळक अक्षरांत तेलाचं नाव आणि मानकाचा क्रमांक लिहा. दोघांना वेगळे हातपंप, वेगळ्या नळ्या. रात्री वीज गेल्यावर जनरेटर सुरू करायला धावणारा माणूस मालक नसतो, अंधारात हाताला लागेल तो कॅन तो उचलतो. म्हणून डिझेलचा कॅन जनरेटरच्या खोलीत आणि हीटिंग ऑइलचा कॅन त्या खोलीबाहेर, हा नियम लेबलपेक्षाही जास्त कामाचा आहे.

एकच टाकी ठेवणं भाग असेल तर ती डिझेलने भरा. बर्नर साधारणपणे डिझेल विनातक्रार जाळतो, फक्त केरोसीनसाठी बसवलेला असेल तर आधी तंत्रज्ञाकडून नोझल आणि हवेचं प्रमाण जुळवून घ्या. खर्च थोडा वाढेल, पण जनरेटर कोणत्या तेलावर चालतोय हे कोणालाही विचारावं लागणार नाही.